तानुबाईच्या हातची सोंगटी

वडगावातली चंद्राबाई एकदा नाही म्हणाली, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्या नाहीचं होय होत नसे. धाकटी जाऊ तानुबाई हिच्याशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा खिडकीजवळचा माग कुणाचा यावरून जुंपली आणि घराच्या मध्ये भिंत आली. अलीकडं हिचे माग, पलीकडं तिचे. तेव्हापासून तानुबाईच्या हातचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही, असं चंद्राबाईनं ठरवून टाकलं. शेजारी हळदीकुंकू असलं तरी ही बया आधी बघायची, कुंकवाची कोयरी कुणाच्या हातात आहे! खरं सांगायचं तर तिला भूक एकाच गोष्टीची होती. तानुबाईनं पूर्वीसारखं 'आक्का' म्हणावं. पण आपण होऊन बोलायचं? छे, मग थोरलेपण कुठं राहिलं?

अशात त्र्याऐंशी साली शेजारचा यमनाप्पा घरी परतला. मालवाहू जहाजावर फिटर होता तो. जपानात कोबेच्या गोदीत त्याचं जहाज दुरुस्तीला चार महिने अडकलं, तिथल्या कामगारांनी त्याला माजाँग नावाचा खेळ शिकवला, आणि गड्यानं येताना सोंगट्यांची पेटीच आणली. खेळायला माणसं लागतात चार. तो, त्याची बायको गंगव्वा, आणि दुपारी वीज गेली की माग बंद पडून रिकाम्या बसणाऱ्या या दोघी. दोघींना त्यानं वेगवेगळं बोलावलं, दुसरी येणार हे सांगितलंच नाही. लबाड मेला! समोरासमोर आल्यावर आधी उठायचं कुणी, म्हणून दोघी बसूनच राहिल्या.

मग शिकवणी सुरू झाली. हातात तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि वर एक जोडी जमली की डाव झाला. तीन सारख्या, नाहीतर एकाच जातीच्या ओळीनं तीन, म्हणजे संच. सोंगटीवरच्या गोल चित्रांना गंगव्वानं भाकरी म्हटलं आणि बांबूच्या चित्रांना वेळू, मग सगळेच तसं म्हणू लागले. दुसऱ्यानं टाकलेलं काही न घेता हात जुळत आला आणि एकच सोंगटी कमी राहिली, की 'रीची' म्हणून पेटीतली एक काडी पुढं ठेवायची. त्यानंतर हात बदलायचा नाही. हवी ती सोंगटी कुणीही टाकली, की 'रॉन' म्हणायचं आणि जिंकायचं.

चंद्राबाईचं डोकं लई चालायचं. चौथ्याच दुपारी तिनं काडी ठेवली. तिला हवी होती पाच भाकऱ्यांची सोंगटी, आणि तानुबाईनं नेमकी तीच टाकली. चंद्राबाई आढ्याकडं बघत बसली. तिच्या हातचं घेऊ? मेले तरी नाही! थोड्या वेळानं गंगव्वानं तसलीच सोंगटी टाकली, तेव्हा मात्र हिनं रॉन म्हणून सगळा हात उघडा केला.

यमनाप्पानं मान हलवली. "न्हाय वैनी. मघा तानुबाईची सोडलीसा. काडी ठेवल्यावर एकदा सोडली, की त्या डावात दुसऱ्या कुणाचीबी घेता येत न्हाय."

चंद्राबाई भडकली. असला कसला नियम, जपान्यांना जावा नसतात काय, म्हणून तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना तो नियम काही तिची पाठ सोडेना. 'आक्का' म्हणणाऱ्या बाया वडगावात पुष्कळ होत्या. सहा वर्षांत त्यातल्या एकीचीही हाक तिला गोड लागली नव्हती. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा काडी ठेवली. या खेपेला तीन वेळूंची सोंगटी हवी होती. तानुबाईनं सोंगटी उचलली, जरा थबकली, आणि हातातली तीन वेळूंची पुढं टाकली.

"रॉन," चंद्राबाई म्हणाली, ते इतकं हळू की गंगव्वानं काय म्हणून विचारलं. मग तिनं हात लांब केला आणि तानुबाईपुढची सोंगटी उचलली.

तानुबाई तिच्या हाताकडं बघत राहिली. म्हणाली, "त्या दिवशीबी टाकलती की मी, आक्का. तूच घेतली न्हाईस."

"व्हय गं," चंद्राबाई म्हणाली. "मीच घेतली न्हाय."