वास न आलेली संध्याकाळ

मुरगूडच्या स्टँडवर आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो, आणि अख्खं स्टँड अण्णाच्या मास्ककडं बघत होतं. शेजारची बाई पोराला ओढत पलीकडच्या बाकावर गेली. क्षय असणार, असं तिला वाटलं असावं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहून त्यानं मला कॉलेजात घातलं होतं. घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आता त्याच्या हाडांत रक्तच तयार होत नव्हतं. माझ्या हाडातला मगज त्याला जुळला होता, पुण्याचे डॉक्टर तो त्याला देणार होते. निरोपाला आलेल्या आत्तीनं अव्वाला, माझ्या आईला, बाजूला घेतलं. पण आवाज आमच्या गावचाच, सगळ्यांना ऐकू गेला.

"पोरीचं रक्त बाप्याला सोसंल व्हय गं?"

मगज दिला. तो अण्णाच्या अंगात रुजला, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हाला दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत सोडलं. मी पुण्यातच कॉलेज घेतलं. गावात आमचं दार दिवसभर उघडं असायचं. कुणीही आलं तरी "या की पावणं" म्हणून आधी पाण्याचा तांब्या. इथं अण्णाला साधी सर्दीही सोसणार नव्हती, म्हणून मी दाराची साखळी न काढता फटीतून बोलायला शिकले. उकळलेल्या पाण्यावर माझा विश्वास नव्हता, दूधवाल्यावर नव्हता, शिंकणाऱ्या शेजाऱ्यावर तर नव्हताच. त्यांनी प्रसाद दिला तर मी हसून घ्यायची आणि जिन्याखाली ठेवून द्यायची.

एकाच गोष्टीचा भरवसा होता, अण्णाच्या कॅप्सूलच्या वासाचा. पाकीट फाडलं की चिरडलेल्या ढेकणासारखा उग्र वास खोलीभर व्हायचा. नाक दाबून अण्णा म्हणायचा, "ह्यापेक्षा फौंड्री बरी." पण तो वास आला की मला बरं वाटायचं.

एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर दाराला कडुलिंबाचा डहाळा. आत वास नाही. ताटात बिनफोडणीचं वरण. अण्णाचे तळहात, तळपाय, कानांच्या पाळ्या लालभडक झालेल्या. अव्वा हळू आवाजात म्हणाली, देवी आलीय अंगावर, घरात फोडणी द्यायची नाही. गोवर-कांजिण्यांत आमच्याकडं हेच करतात. गोळी दिलीस का, विचारलं. "दिली की," म्हणाली, आणि नजर चुकवली. आईचं बोलणं खोटं वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी देवघरात विभूतीच्या वाटीमागं हात घातला. पाकिटं तिथंच होती, न फाडलेली.

"देवी आल्यावर औषध देत न्हाईत, चिडती ती," अव्वा म्हणाली. मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? तुझं रक्त घातल्यापासनंच हे चालू झालंय."

मी पळत खाली गेले. रिक्षा आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत अण्णाला जुलाब लागले ते थांबेनात, डोळे पिवळे दिसायला लागले होते.

वाईट याचं वाटलं की अव्वा निम्मी खरी निघाली. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं: ही देवी नाही. तुमच्या मुलीच्या पेशींना मुलाचं शरीर परकं वाटतंय, म्हणून त्या त्याच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडल्यात. कुणाच्याही पेशी असं करू शकतात. या गोळ्या त्यांना आवरून धरतात, आणि ऐन गरजेला त्याच बंद झाल्या.

"म्हंजे नव्या सुनंसारखं," अव्वा म्हणाली. "आल्या आल्या भांडाय लागल्यात. नांदाय येळ लागंल."

डॉक्टरबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मीही त्या शहरात तशीच होते, प्रत्येकाकडं शत्रू म्हणून बघणारी.

त्या दिवसापासून गोळी अव्वाच देऊ लागली. तरी मी घरी आले की आधी हुंगायची. तिला ते कळायचं. स्टिरॉइडनं अण्णाचा चेहरा भाकरीसारखा फुगला, मग उतरला. हातांची कातडी मात्र कडक राहिली, डोळे कोरडे राहिले. भट्टीपुढं परत जाणं झालं नाही. तो आता इथंच झेरॉक्सच्या दुकानात बसतो.

मग काही वर्षांनी एका संध्याकाळी दार उघडलं आणि पुन्हा वास नव्हता. चप्पल न काढताच मी देवघराकडं गेले. विभूतीच्या वाटीमागं काही नव्हतं.

"डॉक्टरबाईंनीच गोळ्या बंद केल्यात," अव्वा स्टोव्हपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली. "इचार जा फोन करून."

आईनं सांगितल्यावर मी विचारायला नको होतं, असं गावाकडं राहिलेल्यांना वाटेल. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना कदाचित तसं वाटणार नाही. मी खाली बूथवर गेले, फोन केला, डॉक्टरबाई "हो, मीच" म्हणाल्या, आणि वर आले. अव्वा तेल तापवून तशीच थांबली होती. माझ्याकडं बघून तिनं मोहरी टाकली. अण्णाला ठसका लागला.

"नांदलं गं तुझं रक्त," ती म्हणाली. "आता तू कवा नांदणार ते सांग."

मी चप्पल काढली. दार उघडंच राहिलं होतं. मी ते लावलं नाही.