पूजेला ठेवलेला पाना

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली एक डोसिंग पंप आहे, तो मी सांभाळतो. पिंपातलं क्लोरीनचं औषध ओढायचं आणि थेंबाथेंबानं नळाच्या पाण्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. आत रबरी पडदा पुढंमागं होतो, औषध मागं फिरू नये म्हणून दोन बारक्या गोळ्या वाट बंद करतात. इतकं सोपं, पण आमच्या पंचायतीच्या अध्यक्षांच्या टाळक्यात ते कधी शिरलं नाही. त्यांना फक्त पंपाची टकटक कळते.

खंडेनवमीला हे महाशय झेंडूचे हार घेऊन आले. पंपाला हार घातला, पिंपाला घातला, आणि झाकण काढून औषधातच हळदकुंकू अन् मूठभर फुलं! मी नको नको म्हणालो तर म्हणे, "तू लई शाणा झालास. औषधाला पूजा नको व्हय?"

संध्याकाळी नळाचं पाणी बाटलीत घेऊन तपासायचे थेंब टाकले. औषध असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते नितळच राहिलं. अध्यक्षांना फोन लावला.

"टकटक येतीया न्हवं? मग चालू हाय की! आणि आज हत्यार उचलत न्हाईत, ठावं न्हाय तुला?"

वा रे पंडित! जंतूसुद्धा खंडेनवमी पाळतात, अशी त्यांची समजूत असावी.

तणतणत पाना न्यायला घरी आलो. पाना देव्हाऱ्यापुढं, विळ्या-कोयत्याशेजारी, कुंकू लावून मांडलेला. आईनं हात धरला. "उद्या दसरा झाला की घे. आक्का बाळंतपणाला आलीया, अपशकुन नको." मी अध्यक्षाला शिव्या घालत जेवलो आणि झोपलो. आक्काला पाणी उकळून पी म्हणायचंसुद्धा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर पंप उघडला. गोळीखाली झेंडूची पाकळी अडकलेली, औषधानं पांढरीफटक पडलेली.

तिसऱ्या दिवशी आक्काला जुलाब लागले. आठवा महिना. बेळगावच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई बाळाचे ठोके परत परत ऐकत होत्या. ठोके ठीक आहेत म्हणाल्या, तसा माझ्या जिभेला जोर आला. खाटेशेजारी उभा राहून मी अध्यक्षाच्या अकलेचे वाभाडे काढले.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला कळत न्हाय. खरं तुला कळत हुतं न्हवं रं?"