घागरीपर्यंत आलेलं उदारमत

मिरजेला गाडी बदलली तरी गठ्ठ्यावरचा माझा हात निघाला नव्हता. त्यात वडिलांनी कमावलेलं बकऱ्याचं कातडं होतं. कोल्हापूरच्या हुसेनचाचांना ते पसंत पडलं, तर ते मला पुस्तकं बांधायला शिकवणार होते. नाही पडलं, तर आल्या वाटेनं खानदेशात परत. शाळा मी दुसरीतच सोडलेली. चांभाराचं पोर म्हणून ओट्यावर बसवायचे, तिथून ऐकू येईल तेवढंच शिकलो.

रुकडीजवळ पंचगंगा ओलांडली आणि डब्यात गुळाचा गरम वास शिरला. दोन्हीकडे ऊसच ऊस. धास्ती जराशी उतरली.

चाचांनी कातडं वाकवून पाहिलं, हुंगलं. "झ्याक हाय. ऱ्हा हितं. आधी जेव."

भाकरीवर खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा) होता. भिडेनं मी सगळा संपवला. डोळ्यांतून धारा!

"अरं, चव घ्यायची असती, पैज न्हाय मारायची," चाचा हसले.

त्याच दुपारी वाचनालयात एका वकिलांचं व्याख्यान होतं. त्यांची बांधलेली पुस्तकं द्यायला चाचांनी मला सोबत नेलं. पुस्तकं आत गेली, मी सवयीनं उंबऱ्याबाहेर बसलो.

वकील सांगत होते, "विलायतेत धर्मापायी माणसं माणसांना जाळत होती. लोक शिणले. काही शहाण्यांनी मांडलं, ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. उदारमताचा उगम तिथला. मग पुढे आलं, कायदा राजालाही लागू, आणि राज्य चालावं रयतेच्या संमतीनं. कुणाच्याही पोटी जन्मो, माणूस आपल्या जिण्याचा धनी. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर त्याला कुणी अडवू नये."

शेवटचं वाक्य मी मनात घोळवत होतो, तोच खरड्याचा ठसका लागला. घागर आत. मी दारातूनच ओंजळ पुढं केली. वरून पाणी ओतायला शिपाई उठला.

तेवढ्यात आबा पाटील नावाचे फेटेवाले शेतकरी गरजले, "वकीलसायेब, तुमचं उदारमत विलायतेवरनं हितवर आलं. आता त्या घागरीपातुर जातंय का?"

"घागर बाटंल की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग तू घरी जाऊन पी!"

"त्याला येगळं भांडं द्या!"

भांडण पेटलं तर चाचांची गिऱ्हाइकं तुटणार, आणि मी परत खानदेशात.

"मी माझ्या हातानं पाजतो त्याला," वकील तांब्या घेऊन निघाले आणि मध्येच थबकले. "थांबा. इतका वेळ संमतीवर बोललो, आणि ह्यांना कुणी विचारलंच नाही." ते उंबऱ्याशी आले. "तुम्हाला कसं प्यायचंय?"

'तुम्ही' म्हणून मला तोवर कुणी हाक मारली नव्हती. मी चाचांकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस? तहान तुला लागलीया!"

"आत येऊन. स्वतः बुडवून," मी कसाबसा म्हणालो.

दोघे जण उठून पायताण (चपला) चढवून निघून गेले. मी आत गेलो, तांब्या बुडवला. हात इतके थरथरले की निम्मं पाणी सदऱ्यावर. माझ्यानंतर आबांनी तोच तांब्या भरून घटाघटा रिकामा केला. "पाणी कालच्यावानीच लागतंय बरं का, पावणं!"

दुसऱ्या दिवशी वकिलांकडून बांधायला आणखी पुस्तकं आली. मी राहिलो, काम शिकलो.

आता घरी परतलोय. राजवाडा, रंकाळा, तालमी, विचाराल ते सांगतो. पण आधी सांगतो ते चौघांचे उपकार: चाचा, वकील, आबा. चौथा तो शिपाई, जो मी आत जाताना वाटेतून बाजूला सरला.

परवा आमच्या जुन्या शाळेत पुस्तकं बांधायला बोलावलंय. ओट्यावर चटई टाकून ठेवतील. मी म्हणणार आहे, कुठं बसायचं ते आधी मला विचारा. आवाज थरथरेल, ठाऊक आहे. त्या दिवशी हातही थरथरले होते. पाणी सांडलं, पण तहान भागली.