चाचांची पिवळी चिंधी

लोणारच्या बाजारात आमचे एक शिंपी आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, शाळेत शिकवणारा मीही. ते तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे शब्द थोडेच बाहेर पडतात.

शुक्रवारची नमाज झाली की ते हळदीत रंगवलेल्या चिंध्या खिशात घालून सरोवरात उतरतात. एकदा मीही गेलो. खाली पोचेपर्यंत गावाचा आवाज मागेच राहिला. आभाळातून पडलेल्या दगडाने केलेला तो अफाट खळगा, आणि आम्ही दोघं. चाचांनी चिंधी सोड्यासारख्या खाऱ्या पाण्यात बुडवली. पिवळी चिंधी कुंकवासारखी लाल झाली! मी बघतच राहिलो.

मग गावाकडून ओहोळ उतरतो तिथे त्यांनी दुसरी बुडवली. ती पिवळीच राहिली.

"काऊन हो चाचा?"

"नालीचं पानी उतरून राह्यलं ना, सर. खारेपना मरते मंग."

"कोणत्या नालीचं?"

त्यांनी पहिल्यांदाच तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आपल्याच गल्लीच्या. माह्या घरचं बंद केलं म्या. मांगं शोषखड्डा खंदला, पानी तिथंच जिरते."

 मग त्यांनी ती ओली पिवळी चिंधी पिळून माझ्या हातात दिली.

मी ती मोरीतल्या खिळ्याला टांगली. आठ दिवस तिच्याकडे बघत आंघोळ केली. शेवटी कुदळ मागायला त्यांच्या दुकानात गेलो. चाचांनी मान वर न करता कापडाच्या गठ्ठ्यामागे बोट दाखवलं. कुदळ तिथे काढूनच ठेवलेली होती.