स्टीलच्या कडेचं कुसळ

स्टील कापणं कोणालाही येतं. ग्राइंडर हातात घेतला, बटण दाबलं, ठिणग्या उडाल्या की झालं कारागीर, असं साकोलीच्या हायवेवर दुकान मांडून बसलेल्या अर्ध्या लोकांना वाटतं. कापल्यानंतर कडेला जे उरतं त्याचं काय करायचं, तिथे सगळ्यांचं घोडं अडतं. पत्रा कापला की कडेवर बारीक, धारदार काटे उभे राहतात. डोळ्याला धड दिसतही नाहीत. शिकलेली माणसं त्याला 'बर' म्हणतात. मी आसगावची, धानात वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा कापलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि ओरडले, "अव माय, हे तं कुसळ आहे!" आमचे हे हसले. तेव्हापासून आमच्या दुकानात त्याला कुसळच म्हणतात.

हे कापायचे आणि मी कडा घासायची, अशी आमची वाटणी. रेलिंग, हॉटेलचे काउंटर, नाश्त्याच्या गाड्या, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, सगळं आम्ही दोघंच करायचो. कापण्यात त्यांचा हात धरणारा मी आजवर पाहिला नाही. रेषेवर आधी चिकटपट्टी लावायची, पत्रा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये आवळायचा, ग्राइंडरला सर्वांत पातळ चक्ती लावायची. लोखंड कापलेली चक्ती स्टीलला लावायची नाही, नाहीतर महिन्याभरात कडेला गंज दिसतो. आणि ग्राइंडर दाबायचा नाही. "त्याले जाऊ दे, आपन फक्त संग चालाचं," असं मला शिकवताना म्हणायचे. मधेच थांबलं की तिथे स्टील निळं पडतं. त्यांच्या कापात निळा डाग मी कधी पाहिला नाही. मग माझी पाळी. कानस तिरपी धरून एकाच दिशेने, पत्र्याकडून बाहेर. पुढेमागे घासलं की कुसळ जात नाही, नुसतं दुसऱ्या बाजूला वळतं.

माझं घासून झालं तरी माल बाहेर जायचा नाही. त्यांचा अंगठा फिरायचा राहिलेला असायचा. ते डोळे मिटायचे आणि अंगठा कडेवरून हलकेच बाहेर ओढायचे. डोळे काहून मिटता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "डोये मधात येतात." एवढ्या लांब काउंटरवर एखाद्या कोपऱ्यात राईएवढं काहीतरी राहिलेलं असायचं आणि बरोबर तिथे अंगठा थांबायचा. मला असा संताप यायचा! सकाळपासून मान मोडून घासलेलं असायचं मी. "सासू बरी तुमच्यापेक्षा," म्हणायची आणि परत कानस उचलायची. पण खरं सांगायचं तर त्या अंगठ्याचा मला गर्व होता. आमच्या दुकानातली वस्तू डोळे झाकून घ्या, हात कापणार नाही, असं लोक म्हणायचे ते त्याच्यामुळेच.

या धंद्यात एक खोड आहे. ताजा कापलेला तुकडा चांगलाच तापलेला असतो, आणि तो उघड्या हाताने उचलण्यात मोठी मर्दुमकी समजतात. कोणी हातमोजे घातले की लगेच, "काहून रे, नवरदेव हायेस काय? हयद लागली काय हाताले?" आमचे हे तर त्यात सगळ्यांचे वस्ताद झाले. मागच्या काही वर्षांत ते असे तुकडे उचलायचे की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, आणि यांच्या चेहऱ्यावर काही नाही. चहाला आलेली माणसं बघत बसायची. "भाऊचे हात लोखंडाचे हायेत," म्हणायची. मीही माहेरी जाऊन हेच सांगायची. त्यांच्या हातावर कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता, तो आम्ही वेल्डिंगने भाजल्याचा समजलो. करंगळी आत वळायला लागली, ती ग्राइंडर धरून धरून वळली असं समजलो. स्टीलचं काम करणाऱ्या माणसाच्या हाताला इतकं तर होणारच, असं त्यांनाही वाटलं, मलाही वाटलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाटलं.

मग अड्याळकडची एक मावशी आली. ती तलावातली मासोळी बाजारात विकते. तिने मासे ठेवायला आमच्याकडून स्टीलचा मोठा ट्रे करून नेला होता. तोच घेऊन परत आली, तळहाताला फडकं बांधून.

"पोरी, हे पाह्य. सारा जनम मासोळीच्या काट्यात गेला, हात नाई फाटला. तुह्या ट्रेनं फाडला."

हे उठलेच. आमच्या मालाला कोणी असं बोललेलं त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. "मावशी, म्या सोता आंगठा फिरवून देल्ला तुमाले. दुसरीकडं कुठंतरी लागलं असंन."

"म्या काय खोटं बोलून राहिली काय?"

"आना इकडं." त्यांनी ट्रे घेतला, डोळे मिटले आणि तिच्यासमोर चारही कडांवरून अंगठा फिरवला. सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग डोळे उघडून म्हणाले, "काईच नाई आहे. साफ आहे."

मावशी ट्रेकडे पाहत होती. चकचकीत कडेवर लाल रेघ ओढली गेली होती आणि खाली टपटप थेंब पडत होते.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "रगत."

त्यांनी आधी मावशीच्या फडक्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, तिची जखम उघडली. मग माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या हाताकडे त्यांनी सर्वांत शेवटी पाहिलं.  तो ट्रे मी परत घासून दिला, कोपऱ्यात कुसळ होतंच, हाताला सहज लागत होतं. मावशी बिचारी जाताना भांडलीसुद्धा नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला.

थोड्याच दिवसांत आशाताई घरोघरी अंगावरच्या चट्ट्यांची तपासणी करत आमच्या आळीत आल्या. मीच त्यांना यांचा चट्टा दाखवला. त्यांनी पिशवीतून पेन काढलं.

"भाऊ, डोये मिटा. पेन लागलं का, जिथं लागलं तिथं बोट ठेवा."

यांनी डोळे मिटले. अगदी कडा तपासताना मिटायचे तसेच, कपाळावर तीच बारीक आठी. आशाताईंनी चट्ट्यावर पेन टेकवलं. मग जरा बाजूला. मग करंगळीवर, बोटांवर, अंगठ्यावर. हे तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ताई, करा ना सुरू."

आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. 

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर चांगले होते, समजावून बोलले. कुष्ठरोग आहे, म्हणाले, पण घाबरायचं नाही. वर्षभर गोळ्या घ्या, बरा होतो. औषध सुरू झालं की घरात कोणाला होत नाही. भांडी वेगळी करायची नाहीत, अंथरूण वेगळं करायचं नाही. हे सगळं यांनी मान हलवत ऐकलं. गावात कोण काय म्हणेल हेही त्यांनी विचारलं नाही. एकच विचारलं, "आंगठा कधी परत येईन, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जंतू मरतात, पण जी नस मेली ती मेली, लवकर आले असते तर गोष्ट वेगळी होती. आता हात रोज बघत चला, जखम झाली तर कळणार नाही, हातमोजे घालून काम करा.

"हातमोजे घालून कुसय कसं समजंन?"



गोळ्या संपल्या. रोग बरा झाला. चट्टा फिका होता, त्यातही रंग भरला. आळीतल्या बाया म्हणाल्या, सुटलीस बापा एकदाची. कपाळ माझं सुटलं! त्यांचा हात मेलेला तो मेलेलाच राहिला. काप अजूनही सरळच येत होता, कारण कापायला डोळे पुरतात. पण रोज सकाळी दुकान उघडलं की ते एक पट्टी कापायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा ओढायचे. मग पट्टी माझ्या अंगठ्याखाली धरून विचारायचे, "होतं काय कुसय?" मी हो म्हटलं की पट्टी कोपऱ्यात फेकायचे. नाही म्हटलं तरी फेकायचे. मी म्हटलं, कापूस घ्या. कापसाचा बोळा कडेवरून फिरवला की जिथे कुसळ आहे तिथे धागा अडकतो, आंधळ्यालाही कळेल. मी करूनही दाखवलं. त्यांनी तो बोळा माझ्या हातातून घेतला आणि नालीत टाकला. 

एकदा मी भाजी घेऊन दुकानात आले तर ते वाकून काउंटरच्या कडेवर गाल ठेवून होते. डोळे मिटलेले. गाल हळूहळू कडेवरून सरकत होता. माझ्या हातातली थैली पडली. मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं, शिव्या दिल्या, तोंडाला येईल ते बोलले. "डोकं फिरलं काय तुमचं? डोया फुटला असता म्हणजे?" गालावर बारीक ओरखडा उठला होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला, बोटाला काही कळलं नाही. पण चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी थोडं हसू होतं. "गालाले अजून समजते," ते म्हणाले. मी तिथेच बसून रडले, गिऱ्हाईक आलं तरी रडत होते.

त्यानंतर अंगठा माझा झाला. म्हणजे असं, की घासून झालं की ते माझं मनगट धरायचे आणि माझा अंगठा कडेवरून ओढत न्यायचे. मी म्हणायची, मी फिरवते ना, मला येतं. नाही. त्यांनाच फिरवायचा असायचा. आणि पूर्ण वेळ ते माझ्या तोंडाकडे पाहायचे, कुठे आवळतं का, कुठे डोळा बारीक होतो का. मी चेहरा अगदी कोरा ठेवला तर त्यांना पटायचं नाही, खोटं बोलते असं वाटायचं. जरा कुठे हलला तर तिथे परत कानस.

परवा मिठाईच्या दुकानाचं काउंटर होतं. लांबलचक कड. मी जीव ओतून घासली होती, एक काटा नव्हता. त्यांनी मनगट धरलं, अंगठा टोकापर्यंत नेला.

"साफ आहे," मी म्हटलं.

त्यांनी परत सुरुवातीपासून नेला. मनगटातली हाडं एकमेकांवर घासायला लागली. मी दात खाऊन सहन करत होते, आणि तेच त्यांना दिसलं. तिथेच थांबले. अंगठा तिथेच पुढेमागे करू लागले.

"इथं आहे ना? सांग ना. इथं आहे ना कुसय?"

"नाई जी. हात दुखून राहिला माहा. सोडा."

"काय सोडू?"

"हात. हात धरला ना तुमी."

ते माझ्या तोंडाकडेच पाहत होते. "धरला आहे काय?" त्यांनी विचारलं, आणि मग खाली पाहिलं.