आईची एकटीची तसबीर

पावसाळा सरत आला होता. आई पिशोरहून माझ्याकडं आलेली. शहरात राजघराण्यांतल्या बायकांच्या जुन्या छापील तसबिरींचं प्रदर्शन होतं, तिथं तिला घेऊन गेले.

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "बोटांत फूल, म्हणजे रसिक. पुस्तकावर हात, म्हणजे शिकलेली. ही बेगम मनगटावर ससाणा घेऊन बसलीय, म्हणजे हिचा हुकूम चालतो."

आई तिथून हलेना. "हिला घरात कुणी उलटून बोलत नसंल," म्हणाली आणि पदर सावरून स्वतःचं मनगट तसंच वर धरून उभी राहिली. मला हसू आवरेना, त्या मुलीलाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "माझा एकटीचा फोटू नाय बघ एक बी."

"आधार कार्डावर आहे की."

"त्यो व्हय? पोलिसांनी धरून आणल्यावानी दिसती मी."

मग काय, तिथून थेट गुलमंडीवरचा स्टुडिओ गाठला. फोटोग्राफरनं प्लास्टिकचा गुलाब पुढं केला. आईनं तो परत दिला. मावशीला द्यायला म्हणून शेतातली कणसं पिशवीत होती, त्यातलं एक काढून तिनं दोन बोटांत अलगद धरलं. "हे म्या पेरलंय," म्हणाली.

तो म्हणाला, "मावशी, नाकाजवळ घ्या." तिनं घेतलं. कणसाच्या केसांनी नाकात गुदगुल्या झाल्या आणि ती अशी शिंकली, की मागचा पडदा हलला. फोटोग्राफर हसत हसत खालीच बसला. आम्ही तिघं हसत होतो आणि आई मधेच हनुवटी वर करून म्हणायची, "आता काढ." अखेर निघाला एक. ताठ मान, थेट नजर.

गावी माझ्या वडिलांनी, दादांनी, तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मालकीण दिसतीस."

"मंग हायच की."

त्यांनी स्वतः खिळा ठोकून तो बैठकीत लावला.

आता गल्लीतल्या बायकांना चैन पडेना. दिवाळीनंतर जीपभर बायका शहरात उतरल्या. चुलतीनं शिवणाची कात्री आणली होती. एकीला गाडीची चावी धरायची होती, दुसरीला मोबाइल, आणि स्टुडिओच्या जिन्यावरच त्यांचं जुंपलं. सगळ्यात मागं आईची मेंढरं राखणारी मैत्रीण होती, घोंगडीत काहीतरी गुंडाळून. घोंगडी हलली, तसा वर दारात उभा असलेला फोटोग्राफर दचकला.

"हे काय आणलं, मावशी?"

"कोकरू. लई शांत हाय," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.