तोंडापुढचा पुठ्ठा

निवृत्तीनंतर कपाट आवरताना तो पुठ्ठा हाताला लागला. त्यावरच्या बोटांच्या काळ्या डागाला अजून मशीन ऑइलचा वास येतो.

तरुणपणी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी चाकणच्या एका कारखान्यात मी कामगारांची श्रवणचाचणी घेत होते. मी शब्द म्हणायचा, समोरच्यानं तो परत सांगायचा. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडापुढे पुठ्ठा धरायला हवा होता. पण उकाडा असा, की मी त्यानं वाराच घेत बसले. जवळच्याच निघोजे गावचे बबनराव वीस वर्षं प्रेस मशीनवर होते. त्यांचा एकही शब्द चुकला नाही.

मग वारा घेता घेता पुठ्ठा तोंडापुढे आला आणि ते गप्प झाले. पुन्हा शब्द म्हटला, तरी गप्पच. शेवटी त्यांनीच हात लांबवून पुठ्ठा खाली केला. "तोंड दिसू द्या मॅडम. शॉपमधी मशीनच्या आवाजात आमी समदे असंच बोलतो."

तेवढ्यात दारातून मॅनेजरनं विचारलं, "काय, सगळ्यांचे कान ठणठणीत ना?"

बबनरावांनी त्याचे ओठ वाचले आणि माझ्याकडे बघून 'सांगू नका' अशी मान हलवली. त्यांना नोकरीची भीती होती. मला कसली होती? फक्त चाचण्या बंद पडून प्रबंध अडला असता. मी 'हो' म्हणाले. सगळ्यांच्या नावापुढे 'सामान्य' लिहिलं.

त्याच प्रबंधावर मी प्राध्यापक झाले. परवा निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी आयुष्यभर कामगारांचं ऐकून घेतलं."

माइक समोर होता. मी हार घेतला आणि खाली बसले.